‘हो सर, ठीक आहे’: पहिल्याच सत्रात चार विषय राहिलेल्या एका मुलाचं प्रकरण

पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या दुपारी मला एका पालकांचा फोन आला. "सर, पोरगं म्हणालंय सगळे विषय निघाले. तुमच्या तोंडून एकदा ऐकावं म्हणलं." निकालाचा कागद माझ्यासमोरच होता. पाच लेखी विषयांपैकी चार राहिले होते. "वर्गावर निघालोय, संध्याकाळी बोलतो," असं सांगून मी फोन ठेवला. त्या वेळी माझा कुठलाही तास नव्हता.

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला मेकॅनिक्स शिकवतो. शिवाय दरवर्षी वीस-बावीस मुलांचा जीएफएम असतो, म्हणजे पालक-शिक्षक. ज्या मुलाची ही हकीकत आहे त्याने हा मजकूर वाचला आहे आणि लिहायला होकार दिला आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कॉलेजात नव्याने पाऊल ठेवणाऱ्यांना आम्ही इंडक्शनच्या आठवड्यात भरपूर उपदेश करतो, आणि दिवाळीपर्यंत त्यातलं काहीही कुणाला आठवत नाही. म्हणून एकाच मुलाचं काय झालं ते सविस्तर सांगतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका गावातला हा मुलगा. घरी चार एकर, त्यात सोयाबीन आणि तूर. दहावीपर्यंत मराठी माध्यम, दहावीला ९४ टक्के, गावात पहिला. अकरावी-बारावी लातूरला. तिथली पद्धत मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. नाव कॉलेजात, शिक्षण क्लासमध्ये. सकाळी सहाला पहिली बॅच, छापील नोट्स हातात, दर रविवारी टेस्ट आणि सोमवारी भिंतीवर रँक. काय वाचायचं, किती वाजता वाचायचं, कुठला धडा सोडायचा, सगळं दुसरं कुणीतरी ठरवतं. त्यात गैर काही नाही, त्या परीक्षेसाठी ती पद्धत चालते. पण दोन वर्षांत मुलाने स्वतःहून एकदाही वहीत नोट्स काढलेल्या नसतात. वर्गात हात वर करून प्रश्न विचारलेला नसतो. तास बुडवला तर काय होतं याचाही अनुभव नसतो, कारण कॉलेजच्या तासाला बसायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं.

त्याला सीईटीला नव्वदच्या आसपास पर्सेंटाइल मिळालं. पहिल्या दोन फेऱ्यांत हवी ती शाखा मिळाली नाही, म्हणून तो थांबला आणि शेवटच्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या शेवटच्या फेरीला, आमच्याकडे आला. तोवर वर्ग सुरू होऊन तीन आठवडे झाले होते.

हे तीन आठवडे मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटतात. तेवढ्या काळात गणिताचं पहिलं युनिट संपलं होतं. ड्रॉइंगच्या दोन शीट झाल्या होत्या. बाकांवरच्या जागा ठरल्या होत्या, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये जोड्या लागल्या होत्या. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तयार झाला होता आणि त्यात हा नव्हता. अ‍ॅडमिन कोण हे त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला हेही. महिनाभर त्याला तास रद्द झाल्याचं, जर्नल जमा करायचं, टेस्टची तारीख बदलल्याचं काहीच कळत नव्हतं. एक टेस्ट तर होऊन गेल्यावर त्याला समजली. बाहेरून पाहणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण रोज सकाळी वर्गात शिरताना आपल्यालाच काहीतरी माहीत नाही असं वाटत असेल, तर पंधरा-वीस दिवसांत पाय मागे ओढायला लागतात.

मग इनसेम आली. आमच्याकडे तेव्हा लेखी विषय शंभर गुणांचा असे, ३० गुणांची सत्रातली परीक्षा आणि ७० गुणांची शेवटची. त्याला गणितात ३० पैकी ६ मिळाले. आयुष्यात पहिल्यांदा नापास. बाकीच्यांत ९, ११ असे. खरं तर ६ गुणांनी काही संपलेलं नव्हतं. शंभरात ४० ला पास, म्हणजे ७० पैकी ३४ लागत होते आणि हातात जवळजवळ दोन महिने होते. हे गणित त्याने मांडलंच नाही. लातूरच्या भिंतीवरच्या यादीत तो कायम पहिल्या पन्नासात असायचा. इथे डिफॉल्टरच्या यादीत त्याचं नाव लागलं, तीही नोटीस बोर्डावर. त्या दिवसापासून तो त्या मजल्याने जायचं टाळू लागला, आणि मग कॉलेजला यायचंच.

निकालाच्या दिवशी त्याने माझा फोन उचलला नाही. मी त्याच्या खोलीवर गेलो. चौघांची खोली, कॉट बेसिसवर. रूममेट म्हणाला, "सर, तो तर रोज साडेआठला बॅग घेऊन निघतो. संध्याकाळी सहाला येतो." त्याची हजेरी ३१ टक्के होती.

तो कुठे जायचा ते मला नंतर कळलं. पीएमपीचा पास होता. कात्रजहून निगडीपर्यंत जाणाऱ्या बसमध्ये खिडकीशी बसायचा, शेवटच्या थांब्यावर उतरायचा, चहा घ्यायचा, परतीच्या बसमध्ये बसायचा. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. बॅगेत मेकॅनिक्सचं पुस्तक असायचं. घरून फोन आला की "तासाला आहे" म्हणून सांगायचा. मी त्याला विचारलं, खोलीतच का नाही थांबलास? म्हणाला, "रूमवर राहिलो असतो तर त्यांना कळलं असतं ना सर."

आता माझ्या वाट्याचं सांगतो. सत्रात दोन वेळा जीएफएम म्हणून मी त्याला भेटलो होतो. दोन्ही वेळा माझा प्रश्न एकच, "सगळं ठीक?" त्याचं उत्तरही एकच, "हो सर, ठीक आहे." मी मेंटॉर शीटवर खूण केली आणि पुढच्या मुलाला बोलावलं. हजेरी कमी म्हणून त्याच्याकडून पालकांच्या सहीचं हमीपत्र घेतलं होतं. ती सही त्याने स्वतःच केली होती. फाइलमध्ये प्रवेशाच्या अर्जावरची वडिलांची सही होती, शेजारी ठेवून पाहिली असती तरी फरक दिसला असता. मी पाहिली नाही. फोन करून विचारलंही नाही. वीस मुलांची हमीपत्रं एका दुपारी गोळा करायची होती, एवढंच कारण माझ्याकडे आहे, आणि ते पुरेसं नाही.

तेव्हापासून मी "सगळं ठीक?" हा प्रश्न सोडून दिला. आता विचारतो, काल दुपारी दोन वाजता कुठे होतास? मेसमध्ये कुणाबरोबर जेवतोस? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला गुणपत्रिकेच्या आधी धोका सांगतं. हा मुलगा मेसमध्ये बसून जेवत नसे, डबा बांधून खोलीवर नेई. रविवारी रात्री मेस बंद असते, तेव्हा बाकीची मुलं मिळून बाहेर जातात. हा बिस्किटं खाऊन झोपायचा. नवीन मुलांना मी हेच सांगेन: पहिल्या महिन्यात अभ्यासाचं वेळापत्रक जमलं नाही तरी चालेल, पण रविवारी रात्री आपण कुणाबरोबर जेवतो याकडे लक्ष द्या.

संध्याकाळी सातच्या सुमारास तो खोलीवर आला. मला पाहून काही बोलला नाही. आम्ही खाली टपरीवर गेलो. मी रागावलो नाही, पण एक प्रश्न सरळ विचारला. जीव द्यावा असं मनात येतं का? हा प्रश्न विचारायला बरेच जण घाबरतात. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल अशी भीती असते. तसं होत नाही, उलट समोरचा बोलू लागतो. तो म्हणाला, "नाही सर. पण सकाळी उठूच नये असं वाटतं." हे उत्तर हलक्यात घेण्यासारखं नव्हतं. त्या रात्री रूममेटला मी त्याच्यासोबत राहायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडे घेऊन गेलो. पहिल्या भेटीत तो गप्प बसून होता. तिसऱ्या भेटीत बोलायला लागला. ज्यांच्या कॉलेजात अशी सोय नाही त्यांनी टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फोनमध्ये ठेवावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

राहिला प्रश्न घरी सांगण्याचा. मुलगा अठरा पूर्ण होता. "घरी सांगू नका सर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. दुसरीकडे, वडील माझ्या फोनची वाट पाहत होते. स्टाफरूममध्ये यावर दोन मतं पडली. एका सहकाऱ्यांचं म्हणणं, आपण पालकांना बांधील आहोत, आत्ताच्या आत्ता कळवा. दुसऱ्या बाई म्हणाल्या, तुम्ही सांगितलंत तर तो पुन्हा तुम्हाला काही सांगणार नाही. मला दोघांचंही पटत होतं. शेवटी मी वडिलांना कळवलं की निकालाबद्दल तुमचा मुलगाच दोन दिवसांत बोलेल, तोवर त्याला रागावू नका. मुलाला सांगितलं की फोन तू करायचा, मी शेजारी बसेन, पण दोन दिवसांच्या पुढे मी गप्प राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमधून त्याने फोन लावला. "बाबा, चार विषय राहिलेत. मी खोटं बोललो." पलीकडे बराच वेळ काही नाही. मग वडिलांनी विचारलं, "परत बसायला फॉर्म किती रुपयांचा हाय?" त्याने आकडा सांगितला. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. पुढचे आठ दिवस ते त्याच्याशी बोलले नाहीत. रोज आईचा फोन यायचा. नवव्या दिवशी फॉर्मचे पैसे खात्यावर आले. ते आठ दिवस त्याला फार जड गेले, पण बसमधले दोन महिने त्याहून वाईट होते असं तोच मला म्हणाला.

पैशाचंही एक गाठोडं आत होतं. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर भरलेला त्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला होता. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते. त्याने जोडलेला उत्पन्नाचा दाखला जुन्या वर्षाचा निघाला, म्हणून अर्ज दुरुस्तीसाठी परत पाठवला होता. पोर्टलवर ते वाचून त्याने समज करून घेतला की अर्ज नामंजूर झाला आणि आता सगळी फी वडिलांना भरावी लागणार. त्यानंतर त्याने ते पान उघडलंच नाही. आमच्या ऑफिसमधल्या क्लार्क ताईंनी पाच मिनिटांत दाखवून दिलं की मुदत अजून आहे. गावाकडून नवा दाखला मागवला, तो चार दिवसांत आला आणि अर्ज पुढे सरकला. त्याच वेळी कळलं की वडील अल्पभूधारक असल्याने पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठीही अर्ज करता येतो. तोही भरला. आर्थिक अडचणीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा तरी आपल्या अर्जाची स्थिती पाहावी आणि शिष्यवृत्तीचं काम पाहणाऱ्या क्लार्कचं नाव पाठ करावं. विभागप्रमुखांपेक्षा त्यांची ओळख आधी उपयोगी पडते. (मुलींसाठी २०२४-२५ पासून नियम बदलला आहे. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटातल्या बहुतेक मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. तरी अर्ज भरावाच लागतो.)

मग अभ्यास. चार जुने आणि पाच नवे, असे नऊ पेपर उन्हाळ्यात. त्याने वेळापत्रक करून आणलं, रोज बारा तास, नऊ विषय. ते मी बाजूला ठेवलं. आधी आम्ही नियम वाचले. वर्षाच्या निम्म्या क्रेडिट्सवर दुसऱ्या वर्षात जाता येत होतं, आणि पहिल्या वर्षाचं सगळं निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षात बसता येत नव्हतं. प्रत्येक विद्यापीठाचे नियम निराळे असतात, सीनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. परीक्षा विभागात जाऊन कागद स्वतः वाचा. त्या हिशेबाने जुन्यांपैकी दोनच घ्यायचे ठरवले, मेकॅनिक्स आणि केमिस्ट्री. गणित आणि इलेक्ट्रिकल हिवाळ्यावर टाकले. दोन विषय सोडून देणं त्याला हार मानल्यासारखं वाटत होतं. मला मात्र नऊही विषयांना हात लावून आठ बुडण्याची भीती होती.

मेकॅनिक्स मी स्वतः घेतलं. भिंतीला टेकलेल्या शिडीचं जुनं उदाहरण, भिंत गुळगुळीत, जमीन खरबरीत. त्याने आकृती न काढताच सूत्र लिहायला घेतलं. रात्री जागून दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहणारी मुलं हेच करतात. दुसऱ्याला गणित सोडवताना पाहिलं की आपल्यालाही येतं असा भास होतो. मी म्हटलं, आधी फक्त शिडी काढ आणि तिच्यावर कोण कोण बल लावतंय ते दाखव. भिंतीची प्रतिक्रिया आडवी, जमिनीची उभी, तळाशी घर्षण, मधोमध वजन. मग विचारलं, मोमेंट कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा? गप्प. मी म्हटलं, "बलाचं आघूर्ण. शाळेत होतं ना?" त्याने मान वर केली. "म्हणजे मोमेंट म्हणजे आघूर्ण? आणि बारावीला टॉर्क होता, तो?" तोही हाच. शाळेत आघूर्ण, बारावीत टॉर्क, इथे मोमेंट, एकाच गोष्टीची तीन नावं घेऊन हा मुलगा तीन वेगळे धडे समजत बसला होता. मग त्याने स्वतःच सांगितलं की तळाभोवती घेऊ, म्हणजे तिथली दोन अज्ञात बलं आपोआप गळतात. त्या दिवशी आम्ही एकच उदाहरण केलं. पुढचे दोन आठवडे त्याने जुन्या प्रश्नपत्रिकांतली गणितं न सोडवता केवळ त्यांच्या फ्री बॉडी आकृत्या, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं दाखवणाऱ्या आकृत्या, काढल्या, साठेक तरी असतील.

त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्यांनी लाजू नये. वहीच्या शेवटच्या पानावर इंग्रजी संज्ञेसमोर शाळेतला मराठी शब्द लिहीत जा. २०२१ पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने मराठीसह भारतीय भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला मुभा दिली, पहिल्या वर्षाची पुस्तकंही मराठीत आली. पेपर इंग्रजीत लिहिणाऱ्यालाही समजून घ्यायला ती वापरता येतात.

माझी एक कल्पना साफ फसली. वर्गातल्या दोन हुशार मुलांना मी त्याच्याबरोबर बसायला सांगितलं होतं. ती मुलं चांगली होती, मनापासून शिकवत होती, पण हा त्यांच्यासमोर पुन्हा "हो, समजलं" म्हणू लागला. मग विषय राहिलेलेच चौघे एकत्र बसवले, रिकाम्या वर्गात, दुपारी चार ते सहा. एक सहकारी म्हणाले, नापासांची टोळी कशाला करताय, एकमेकांना बुडवतील. तसं झालं नाही. तिथे "मला येत नाही" म्हणायला कुणाला संकोच वाटत नव्हता. चौघांपैकी एकाने मात्र महिनाभरात येणं सोडलं आणि त्याचं वर्ष गेलं. त्याच्यापर्यंत मी पोहोचू शकलो नाही.

उन्हाळ्यात आमच्या मुलाचे दोन्ही जुने विषय निघाले. नव्यांपैकी दुसऱ्या सत्राचं गणित राहिलं. तो दुसऱ्या वर्षात गेला, हिवाळ्यात जुनं गणित आणि इलेक्ट्रिकल काढलं, पुढच्या उन्हाळ्यात शेवटचं गणित. वर्ष वाया गेलं नाही, पण नुकसान भरून निघालं असंही नाही. त्याचा सीजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी, सातच्या आसपास अडकला आहे. यंदा तो शेवटच्या वर्षाला आहे आणि दोन कंपन्यांच्या निकषांत बसत नसल्याने त्याला अर्जच करता आला नाही. तिसऱ्या कंपनीच्या मुलाखतीत त्याला पहिल्या सत्राबद्दल विचारलं. त्याने बसचं सोडून बाकी सगळं खरं सांगितलं. तिथे त्याची निवड झाली नाही. अजून दोन कंपन्या यायच्या आहेत.

त्याच्यामुळे आम्ही एक गोष्ट बदलली. शेवटच्या फेरीने येणाऱ्यांची यादी आता प्रवेश विभागाकडून मी त्याच दिवशी मागून घेतो. तो आणि त्याच्या दुपारच्या गटातले दोघे त्या मुलांना फोन करतात, वर्गाच्या ग्रुपमध्ये घालतात, झालेल्या युनिटच्या वह्या देतात आणि पहिल्या रविवारी रात्री जेवायला घेऊन जातात. या वर्षी अशी बारा मुलं आली. दहा जण जेवायला होते. उरलेल्या दोघांपैकी एक आजारी म्हणून गावी गेला आहे. दुसरा फोन उचलत नाही, म्हणून आज संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्या खोलीवर जाणार आहोत.